पिकअपवर कॅम्पर आहे, मागे दोन एटीव्ही न्यायला कुठला ट्रेलर घ्यावा?

तुमची एक टनी पिकअप, त्यावर स्लाइड-इन कॅम्पर (मागच्या बेडमध्ये बसवायची राहायची खोली), मागे दोन एटीव्ही (चार चाकी ऑफ-रोड बाइक) ओढायच्यात आणि ५ बाय ८ फुटी ट्रेलर घेऊ की ६ बाय १२ यात तुम्ही अडकलाय. मी युटामध्ये राहतो, अशीच जोडणी घेऊन दरवर्षी इथल्या पायूट या एटीव्ही ट्रेलला जातो, तर माझं स्पष्ट मत, दोन्ही नको, १४ फुटी घ्या.

फुल साइज एटीव्ही म्हणजे साधारण ७ फूट लांब, ४ फूट रुंद. ५ बाय ८ वर एकच बसते. १२ फुटीवर लोक दुसरी आडवी घालतात नाहीतर तिची चाकं पहिलीवर चढवतात, पण मग वजन कुठं पडणार ते आपल्या हातात राहत नाही आणि सगळा खेळ तिथंच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचच्या (ट्रकच्या मागचा ट्रेलर जोडायचा भाग) बॉलवर यायला हवं. आमच्या सांगलीकडं दोन चाकी ट्रॉलीत ऊस मागच्या बाजूला जास्त भरला की हुक वर उचलायला लागतो, तेच इथं हायवेच्या स्पीडला झालं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि सोबत ट्रकला पण हलवतो. १४ फुटीत दोन्ही गाड्या एकामागे एक सरळ उभ्या राहतात, पुढची अगदी पुढं रेटून बांधायची म्हणजे एक्सलच्या पुढं वजन जास्त राहतं.

आता वजन. दोन गाड्या, पेट्रोल, विंच, कूलर धरून १६०० पौंड तरी धरा. लोखंडी १४ फुटी ट्रेलर स्वतःच १२००-१३०० चा असतो, म्हणजे झाले २९०० च्या आसपास. दुकानात बहुतेक सिंगल एक्सल ट्रेलरवर भरलेल्या वजनाची मर्यादा २९९० लिहिलेली दिसेल, खाली एक्सल मात्र ३५०० चा असतो. बऱ्याच राज्यांत ३००० च्या पुढं ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात म्हणून कंपन्या आकडा अलीकडंच ठेवतात. तुम्ही त्या आकड्यावर जाऊ नका, ब्रेकवालाच घ्या, कारण कॅम्परमुळे ट्रक आधीच जड आणि त्यात इथले डोंगरातले उतार. त्यासाठी ट्रकला ७ पिनचं सॉकेट आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणारा) आहे का ते बघून घ्या. बजेट असेल तर अ‍ॅल्युमिनियम घ्या, तीन-चारशे पौंड सहज वाचतात.

ते वाचवायचे कशाला, तर बॉलवरचं वजन पण ट्रकच्या पेलोडमध्येच (ट्रक किती वजन वाहू शकतो त्यात) धरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर पेलोडचा आकडा बघा, त्यातून कॅम्पर वजा करा, पाण्याची टाकी वजा करा (३० गॅलन पाणी म्हणजे २५० पौंड), माणसं वजा करा, आणि मग निदान ३०० पौंड बॉलसाठी उरतात का बघा. कॅम्पर बेडच्या बाहेर येत असेल तर हिचला एक्स्टेंशन लागेल, आणि एक्स्टेंशन जितकं लांब तितकी हिचची क्षमता कमी होते, शिवाय पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग पातळ लागतं. म्हणून घेण्याआधी भरलेला ट्रक ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) घालून या, कागदावरच्या हिशोबापेक्षा ते खरं.

अजून एक, हे दुकानवाला सांगणार नाही. कॅम्परचा दरवाजा मागं असतो. ट्रेलरचा हिचला जोडायचा दांडा आखूड असला तर पायऱ्या उघडत नाहीत आणि तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा कॅम्परला लागतो, त्यामुळे लांब दांड्याचाच बघा, रिव्हर्सला पण तो हळू वळतो. एवढा खालचा ट्रेलर आरशात दिसतच नाही, मी दोन्ही मागच्या कोपऱ्यांना सायकलचे केशरी झेंडे लावलेत, कॅमेरा असेल तर उत्तमच.

सेकंडहँड घेत असाल तर टायरवरचा डॉटचा (DOT) कोड वाचा, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. माझा पहिला ट्रेलर सेकंडहँडच होता, नक्षी अगदी नवी दिसत होती म्हणून तारीख बघितलीच नाही, आणि आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना या पट्ट्यात टायर फुटला. तिथं सुमारे ११० मैल पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, आणि ट्रेलरबरोबर स्टेपनी नव्हती. पोरं गाडीत, जुलैचं ऊन, चार तास रस्त्याकडेला काढले. तेव्हापासून पाच-सहा वर्षं झाली की टायर चांगला दिसला तरी बदलतो, आणि प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मधल्या हबजवळ हात नेऊन बघतो, एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग जायला लागलंय समजायचं. स्टेपनी बहुतेक ठिकाणी वेगळी विकत घ्यावी लागते, ती त्याच दिवशी घ्या.

स्टिकरवरचा पेलोड आणि कॅम्परचं मॉडेल खाली टाका, हिशोब करून सांगतो.