वाचकांचे प्रश्न : परिसरसुधारणेच्या कामात कोठून सुरुवात करावी?

आपल्या प्रभागासाठी, गल्लीसाठी किंवा गावासाठी स्वयंसेवक म्हणून काही करावे अशी इच्छा व्यक्त करणारी पत्रे सातत्याने येत असतात. त्यांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले असून पुण्यात राहते. रोज दोन तास परिसराच्या कामासाठी देण्याची माझी तयारी आहे. शाळेकडे जाणारा पदपथ नीट व्हावा आणि बसथांब्याजवळ ज्येष्ठांसाठी बाक यावे, असे आम्हा काही शेजाऱ्यांना वाटते. यासाठी कोणत्या समितीत जावे? की आम्हीच वर्गणी काढून बाक बसवावे?

उत्तर : वर्गणी काढण्याची घाई कृपया करू नये. सार्वजनिक पदपथावर परवानगीशिवाय बसवलेले बाक उद्या हटवले जाऊ शकते, आणि ज्या कामासाठी आपण कर भरतो ते काम स्वखर्चाने करून टाकले की त्याची मागणीच नोंदवली जात नाही. दोन तास द्यायचे असतील तर ते मागणी नीट तयार करण्यात आणि तिचा पाठपुरावा करण्यात द्यावेत, असे मला मनापासून वाटते.

पुण्यात यासाठी एक मार्ग आहे. 2006-07 पासून पुणे महानगरपालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते. पदपथाची दुरुस्ती, पथदिवे, बाके, दिशादर्शक फलक, पावसाळी गटारे, सार्वजनिक स्वच्छतागृहे अशी स्थानिक कामे त्यात सुचवता येतात, मात्र सोसायटीच्या आवारातील खासगी कामे सुचवता येत नाहीत. एका कामासाठी खर्चाची मर्यादा अनेक वर्षे पाच लाख रुपये राहिली आहे. सूचनांचे अर्ज साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात. क्षेत्रीय कार्यालयात त्यांची छाननी होऊन निवडलेली कामे पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात धरली जातात, म्हणजे आज सुचवलेले काम 1 एप्रिलनंतरच हाती घेतले जाते. हे वेळापत्रक ठाऊक नसल्यामुळे अनेक उत्साही मंडळी फेब्रुवारीत अर्ज घेऊन जातात आणि पैसे शिल्लक नाहीत असे ऐकून निराश होऊन परततात.

अर्ज कसा लिहावा याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक अर्ज येथेच बाद होतात. ‘आमच्या भागातील पदपथांची दुरवस्था झाली असून तातडीने लक्ष द्यावे’ असे लिहिलेल्या कागदाचे अभियंत्याला काहीच करता येत नाही. त्याला कामाची जागा, लांबी आणि दोष कळावे लागतात. दोन-तीन जणांनी मोजपट्टी घेऊन एका सकाळी तो पदपथ चालून पाहावा. शाळेच्या फाटकापासून दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत, रस्त्याच्या कोणत्या बाजूस, किती मीटर लांबीत फरशा उखडल्या आहेत, कोठे झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा वर आले आहे, कोठे विजेची पेटी पदपथाच्या मधोमध असल्यामुळे चाकाची खुर्ची पुढे जाऊ शकत नाही, हे सारे टिपून घ्यावे आणि प्रत्येक ठिकाणचे छायाचित्र जोडावे. पदपथ आणि बाक ही दोन कामे असल्याने त्यांचे अर्जही दोन असावेत. अर्ज आवक-जावक कक्षात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून निघू नये. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकाच्या आधारेच होतो.

आता समितीविषयी. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने, जी 1 जून 1993 पासून अमलात आली, तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार त्या-त्या भागातील नगरसेवक आणि प्रभागाचा अधिकारी यांच्याबरोबरच त्या भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी या समितीवर नेमता येतात. पाणीपुरवठा, सांडपाणी आणि स्वच्छता यांविषयीच्या सामायिक तक्रारींचे निवारण करणे, तसेच आपल्या भागातील खर्चाच्या प्रस्तावांवर शिफारशी करणे ही कामे कायद्यानेच समितीकडे सोपवली आहेत. या तीन जागांविषयी नागरिकांत फारशी चर्चा होत नाही, याची मला खंत वाटते. आपल्या भागात या जागांवर कोण आहेत, त्या रिकाम्या आहेत का, याची लेखी विचारणा आपण अवश्य करावी. पुण्यात मार्च 2022 पासून निवडून आलेले सभागृहच नव्हते आणि जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. त्यामुळे अशा समित्यांचे काम पुन्हा रुळावर आणण्यासाठी नागरिकांनी आग्रह धरण्याची हीच वेळ आहे.

प्रश्न : मुंबईच्या पूर्व उपनगरात आमच्या गल्लीतील काही तरुणांनी ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ गट सुरू करण्याचे ठरवले आहे. कचरा आणि फेरीवाले हे आमच्यापुढचे दोन मुख्य प्रश्न आहेत. अशा गटाला कारवाईचे अधिकार मिळतात का?

उत्तर : मिळत नाहीत, आणि ते मागूही नयेत. एएलएम या नावाने ओळखली जाणारी ही योजना मुंबई महापालिकेने 1997 च्या सुमारास सुरू केली. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी केलेले काम हा तिचा पहिला नमुना मानला जातो. एका गल्लीतील किंवा लगतच्या इमारतींतील रहिवाशांनी आपला कचरा वेगळा करावा, ओल्या कचऱ्याचे खत जागच्या जागी करावे आणि उरलेल्या नागरी प्रश्नांसाठी विभाग कार्यालयाशी एकत्रितपणे बोलावे, अशी ती कल्पना आहे. एकेकाळी असे शेकडो गट नोंदले गेले, परंतु त्यांतील अनेक पुढे थंडावले. पदाधिकारी निवडले गेले, पण रोजचे काम कोणी पाहायचे हे ठरले नाही, हेच त्यामागचे मोठे कारण असल्याचे माझे मत आहे.

म्हणून कचऱ्याचे काम रोजच्या तपशिलातून उभे करावे. खतासाठी खड्डा किंवा पिंप ठेवले की पहिला आठवडा सर्वांचा उत्साह असतो. भाजीची देठे, फळांच्या साली आणि शिळे अन्न यांच्या प्रत्येक ओल्या थरावर वाळलेल्या पानांचा किंवा लाकडाच्या भुशाचा थर पडायला हवा. तो पडला नाही की दोन-तीन दिवसांत वास सुटतो, चिलटे होतात आणि ज्यांच्या खिडकीखाली ते पिंप आहे त्या घरातून रास्त तक्रार येते. अशा एका तक्रारीवरून संपूर्ण उपक्रम बंद पडू शकतो. गल्लीतील झाडांची पाने गोळा करून कोरडी साठवणे आणि आठवड्यातून एकदा मिश्रण खालीवर करणे, ही दोन कामे कोणाकडे आहेत हे नावानिशी ठरवूनच सुरुवात करावी. कचरा वेगळा करणे ही 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून प्रत्येक घराचीच जबाबदारी आहे, हे रहिवाशांना समजावून सांगावे. कचरा वेचणाऱ्या महिलांनाही या कामात सन्मानाने सामील करून घ्यावे. पुण्यात 1993 साली स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेतील कष्टकऱ्यांनी पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी केली. घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम ही मंडळी किती जाणकारीने करतात, ते तेथे जाऊन पाहण्यासारखे आहे.

फेरीवाल्यांविषयी मात्र मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे. परिसर सुधारणे म्हणजे फेरीवाल्यांना हटवणे, अशी समजूत अनेक गटांत दिसते, आणि ती अन्यायाची आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीची तरतूद केली असून तिच्यात किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांच्यातील एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. रहिवासी संघटनांनाही त्या समितीत स्थान आहे. आपल्या गल्लीतील भाजीवाली कोणत्या ठिकाणी बसली तर पदपथावरून जाणाऱ्यांना वाट मिळेल आणि तिचा धंदाही चालेल, हा प्रश्न तिला बैठकीला बोलावूनच सुटू शकतो. गल्लीमागच्या वस्तीतील लोक, इमारतीचा रखवालदार, सफाई कामगार आणि भाजीवाली या सर्वांचा हा परिसर आहे, असे मानून गट स्थापन होणार असेल तर तो जरूर स्थापन करावा.

प्रश्न : आमच्या गावात ग्रामसभा नावापुरती होते. गणपूर्ती नाही म्हणून ती तहकूब केली जाते. स्वयंसेवकांनी काय करावे?

उत्तर : ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते. गाव कितीही मोठे असले तरी 100 माणसे जमवणे एवढेच काम आहे, आणि ते वाडी-वस्तीवर फिरून स्वयंसेवक करू शकतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याचीही कायद्यात तरतूद आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच उरकली जाते. ती खरोखर व्हावी यासाठी बचत गटांच्या महिलांना आठवडाभर आधी विषय सांगावेत, कारण पाण्याची वेळ, शौचालये आणि अंगणवाडी हे विषय त्या सभेत जितके नेमकेपणाने मांडले जातात तितके अन्यत्र मांडले जात नाहीत. ठराव लिहिताना त्याचे शब्द सभेतच वाचून दाखवावेत असा आग्रह धरावा आणि नंतर इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी.

प्रश्न : आमच्या शहरात एका नाल्याच्या कडेच्या रस्त्यासाठी आमचा नागरिक गट दीर्घकाळ प्रयत्न करीत आहे. कार्यालयात दर वेळी नवे अधिकारी भेटतात, काम मंजूर आहे असे सांगितले जाते, पण रस्ता होत नाही. आमचे निम्मे सदस्य आता येत नाहीत, आणि आम्ही विरोधकांचे लोक आहोत असे बोलले जाऊ लागले आहे. पुढे जावे की थांबावे?

उत्तर : आपला थकवा मी समजू शकतो, आणि तरीही आपण थांबू नये अशी विनंती करतो. मात्र पद्धत बदलावी. ‘काम मंजूर आहे’ या वाक्याचे अनेक अर्थ होतात. अंदाजपत्रकात तरतूद आहे का, पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज तयार झाला का, निविदा निघाली का, कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश दिला गेला का, यांपैकी नेमके कोठे काम अडले आहे ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 यानुसार दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांपर्यंतचा मजकूर असावा लागतो, म्हणून गाऱ्हाणे न लिहिता केवळ कागदपत्रांची नावे लिहावीत. 30 दिवसांत उत्तर मिळाले नाही तर प्रथम अपील करता येते. त्याआधी एक सोपा मार्ग पाहावा : दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असा आदेश राज्य शासनाने 2018 साली जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी काढला होता. आपल्या नगरपालिकेत ही सोय कशी चालते ते विचारून संपूर्ण फाइल समक्ष पाहावी. अनेकदा असे दिसते की काम रखडण्याचे कारण जागेची मोजणी झालेली नाही किंवा दोन खात्यांपैकी नाला कोणाचा हे ठरलेले नाही, आणि त्याची कल्पना समोरच्या नव्या अधिकाऱ्यालाही नसते.

अधिकारी बदलले तरी पाठपुरावा तुटू नये यासाठी गटाची एक नोंदवही असावी. भेटीचा दिनांक, भेटलेल्या व्यक्तीचे पद, तिने दिलेले उत्तर आणि आवक क्रमांक एवढ्याच नोंदी तिच्यात असाव्यात. आरोप आणि शेरे लिहू नयेत, कारण हीच वही पुढे नव्या अधिकाऱ्यासमोर उघडून ठेवायची असते. काम सुरू झाल्यावर कार्यादेशाची प्रत घ्यावी आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, टिपून ठेवावा, म्हणजे रस्ता लवकर खचल्यास ठेकेदाराकडून दुरुस्ती मागता येते.

राजकीय शिक्क्याविषयी : गटातील ज्या सदस्यांना निवडणूक लढवायची असेल त्यांनी तसे उघडपणे सांगून गटाच्या पदावरून बाजूला व्हावे, असा नियम आजच करावा. निवेदन देताना सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या नगरसेवकांना त्याच मजकुराची प्रत एकाच दिवशी द्यावी. एवढे केल्यावरही कोणी बोलले, तर त्याला उत्तर देण्यात वेळ घालवू नये.

जे सदस्य येईनासे झाले आहेत त्यांच्याकडे दोष म्हणून पाहू नये. नोकरी आणि घर सांभाळून दर आठवड्याला कार्यालयात जाणे सर्वांना जमत नाही. कोणी केवळ छायाचित्रे काढावीत, कोणी अर्ज टंकलिखित करावेत, कोणी महिन्यातून एकदाच सोबत यावे, अशी कामाची विभागणी केली तर त्यांच्यातील काही जण परत येतात. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये कामांना वेग येतो आणि 31 मार्चपर्यंत खर्च न झालेली तरतूद हातची जाण्याची शक्यता असते. तेव्हा आपल्या गटाची पुढील बैठक सप्टेंबरच्या अखेरीस ठेवावी आणि तीत फाइल पाहायला कोण जाणार ही दोन नावे ठरवावीत.