ग्रोसग्लॉकनरच्या घाटरस्त्याला किती वेळ द्यावा?

प्रश्न : जूनमध्ये आम्ही ऑस्ट्रियात भाड्याच्या मोटारीने फिरणार आहोत. ग्रोसग्लॉकनरचा उंच पर्वतीय रस्ता पाहण्यास दोन-तीन तास पुरतील का? उतारावर कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : रस्ता जेमतेम 48 किलोमीटरांचा असला, तरी त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सुचवू. फ्रान्झ वालाक या अभियंत्याने आखलेला आणि 1935 मध्ये खुला झालेला हा मार्ग मुळातच थांबत थांबत पाहण्यासाठी आहे. त्यावर 36 तीव्र वळणे असून हॉख्टोर येथे तो 2,504 मीटर उंची गाठतो. कैसर-फ्रान्झ-योसेफ्स-हुअं या ठिकाणाकडे जाणारा फाटा मात्र चुकवू नये, कारण 3,798 मीटर उंचीचे ग्रोसग्लॉकनर शिखर आणि वर्षागणिक आक्रसत चाललेली पास्टर्त्झ हिमनदी तेथूनच समोर दिसते.

उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवल्यास ते तापून निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून ज्या खालच्या गिअरमध्ये चढ चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेक अधूनमधूनच, पण ठामपणे दाबावा. भाड्याची गाडी स्वयंचलित असेल, तर खालचा गिअर कसा निवडायचा हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्यावे (घाटात माहितीपुस्तिका चाळण्यात अर्थ नाही).

येथे स्वतंत्र टोल भरावा लागतो. रस्ता हिवाळ्यात आणि रात्री बंद असतो. जूनमध्येही बर्फ पडू शकतो, त्यामुळे निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती तपासावी.