मावशीला विचारा : तीन पोरं घरी, पण शिकवतंय कोण?

जुळे सोलापूरहून एका ताईचं पत्र आलंय, चांगलं चार पानी, त्यातलं कामापुरतं सांगते. तिला तीन मुलं. मोठी मुलगी १३ वर्षांची, मधला मुलगा ९, धाकटी ५. मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, घरात सासूबाई. मधल्याचं रोज सकाळी शाळेच्या नावानं पोट दुखायचं, रडारड, एकदा सरांनी सगळ्या वर्गासमोर त्याची वही फेकली आणि त्यानंतर पोरगं गेटच्या आत पाऊलच टाकेना. म्हणून जूनमध्ये त्याला काढला, आणि "एकाला घरी बसवून दोघींना कसं पाठवणार" म्हणून दोघींनाही काढलं. आता चार महिने झाले ती तिघांना घरीच शिकवते. सकाळी दहाला बसतात, बारापर्यंत कुणाचंच धड होत नाही, एकाला समजावेपर्यंत दुसरी उठून जाते, ज्या दिवशी नळाला पाणी येतं तो दिवस तर गेलाच. सासूबाई येता-जाता "पोरांचं वाटोळं करायलीस" म्हणतात, मिस्टर रात्री येऊन "आज काय शिकवलं" एवढंच विचारतात. ती लिहिते, "मावशी, माझी एवढी चिडचिड व्हायलीय की मीच त्या सरांसारखी झालीय की काय असं वाटतंय, वेगवेगळ्या वयाच्या पोरांना एका वेळी शिकवायचं तरी कसं, आणि हे कायद्यात बसतं का?"

आणि मध्येच, तिसऱ्या पानावर, जाता जाता एक ओळ : "मोठी फार समजूतदार आहे, तिचं काही टेन्शन नाही, उलट धाकट्या दोघांचं बरंचसं तीच बघते."

अगं बाई, चार पानांत मी अडकले ती ह्याच ओळीवर. टाइमटेबलचं सांगते, कायद्याचं पण सांगते, पण आधी मला सांग, ह्या चार महिन्यांत मोठीनं स्वतः काय शिकलंय? तू मधल्याचं पोट, मधल्याचं गणित, मधल्याचे सर असं दोन पानं लिहिलंयस, धाकटीचं बाराखडीचं अर्धं पान आहे, आणि जी पोरगी आत्ता आठवीत असायला हवी होती तिच्या अभ्यासाबद्दल तुझ्या पत्रात एक शब्द नाहीये. तिला शाळेत त्रास होता असंही तू कुठं म्हणत नाहीस. म्हणजे भावाचं पोट दुखलं म्हणून तिची शाळा सुटली, आणि आता ती घरातली बिनपगारी बाई झालीय. राग मानू नकोस, पण आपल्याकडं मुलगी समजूतदार आहे असं म्हटलं की समजायचं, घरातलं कुठलं तरी काम तिच्यावर पडलेलं आहे.

माझं उत्तर एवढंच आहे की तीन मुलं म्हणजे तीन वेगळे निर्णय. मधल्याला घरी ठेवायला तुझ्याकडं कारण होतं आणि मला ते पटलं. धाकटी पाचचीच आहे, पहिलीला सहाव्या वर्षी जायचंय, तिचं आत्ता काहीही बिघडत नाहीये. पण मोठीला कुणी विचारलं होतं का? तर आज-उद्या तिला एकटीला घेऊन बाहेर जा, घरात नको, घरात सासूबाई आहेत आणि भाऊ आहे, त्यांच्यासमोर ती "मला चालतंय आई" असंच म्हणेल. किल्ल्याच्या बागेत जा, सिद्धेश्वर तलावावर जा, काहीतरी खायला घे, आणि सरळ विचार, तुला शाळेत परत जायचंय का. आणि विचारल्यावर गप बस. "पण तू गेलीस तर धाकट्यांचं कसं होणार" हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नकोस, ते ऐकलं की तिनं काय उत्तर द्यायचं ते ठरूनच जातं.

ती जाते म्हणाली तर दिवाळीनंतरच्या सत्राला पाठव. वर्षाच्या मध्ये घेतील का अशी धास्ती वाटत असेल, पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे ना, तो ह्याच कामाचा आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला मुदत संपली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मध्ये शाळा सुटली असेल तरी वयाप्रमाणे जो वर्ग येतो त्याच वर्गात बसवायचं, खाली ढकलायचं नाही असंही त्यात आहे. ती तेराची आहे, म्हणजे कायद्याचा आधार अजून वर्षभरच आहे, म्हणून मी घाई करतेय. जुन्याच शाळेत जायला हवं असंही नाही, घराजवळची अनुदानित नाहीतर महापालिकेची शाळा बघा, फी चा पण भार कमी होईल. आणि ती नको म्हणाली, खरंच मनापासून नको म्हणाली, तर राहू दे घरी, पण मग तिचा अभ्यास आधी, बाकी दोघं नंतर.

आता तुझा मुख्य प्रश्न. बघ, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, मंगळवेढ्याकडं, दोन शिक्षकी शाळा. कायद्याच्या हिशेबानंच पहिली ते पाचवीला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे वर्ग पाच आणि माणसं दोन. त्यामुळं वेगवेगळ्या वयाची पोरं एका खोलीत शिकवणं हे काही अमेरिकेतून आलेलं फॅड नाहीये, खेड्यापाड्यातल्या गुरुजी-बाई तेच करत आलेत. माझ्या वाट्याला तीन वर्ग यायचे, पण तिन्ही वर्गांना एकदम कधीच शिकवत नव्हते. एका गटाला समोर घ्यायचं, दुसऱ्याला असं काम द्यायचं जे त्याला आधीच येतंय, पाढे लिही, शुद्धलेखन कर, कालची गणितं परत सोडव, आणि वीस मिनिटांनी अदलाबदल. तुझी गडबड इथंच होतेय, तू एकाला नवीन समजावतेस त्याच वेळी दुसऱ्यालाही नवीनच काम देऊन बसवतेस, मग तो अडतो, हाक मारतो, तू चिडतेस. एका वेळी नवीन एकालाच. आणि वर्गातल्या मोठ्या पोरीला धाकट्याचं वाचन ऐकायला आम्हीपण बसवायचो, पण दहा मिनिटं! दहा मिनिटांत तिचीपण उजळणी होते. त्याच्यापुढं गेलं की ती राबते.

गणित आणि वाचन-लेखन एवढंच प्रत्येकाचं वेगळं घे. धाकटीला वीस मिनिटं फार झाली, त्यात पण अर्धा वेळ मणी मोजणं आणि गोष्ट. मधल्याला सव्वा-दीड तास, तोही दोन तुकड्यांत. घरी दोन-तीनच पोरं असतात, शाळेसारखे सहा तास कशाला लागतात, शाळेत निम्मा वेळ हजेरी, गप बसवणं आणि वह्या गोळा करणं ह्यातच जातो. आणि दहाला कशाला बसता ग, आपल्या सोलापुरात दहाला ऊन डोक्यावर आलेलं असतं, साडेसातला बसा, साडेनऊला मोकळे. पाणी येतं त्या दिवशी सरळ सुट्टी धर. आपल्याकडं पाणी रोज येत नाही हे काय नवीन आहे का, त्या दिवसाला विरोध करून तू स्वतःचंच डोकं उठवून घेतेस. आला दिवस की पिंप भरा, बादल्या मोजा, मधल्याला सांग एका बादलीत किती लिटर आणि आपल्याला पुढचं पाणी येईपर्यंत किती लागतं ते काढ, झालं त्या दिवसाचं गणित.

बाकीचे विषय तिघांना मिळून एकच घ्यायचे, विषय एक, पण किती खोलात जायचं ते प्रत्येकाचं वेगळं. इथं तुझे मिस्टर कामाला लाव. रात्री येऊन इन्स्पेक्टरसारखं "काय शिकवलं" विचारतात ना, त्यांना म्हणावं रविवारी एक तास तुमचा, आणि कारखान्यातला एक टॉवेल घेऊन बसा. धाकटी रंग आणि पट्टे मोजेल. मधला टेपनं मापेल, ७५ सेंटिमीटर बाय दीड मीटर, म्हणजे क्षेत्रफळ किती. मोठी असेल तर तिला जीएसएम, एका चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा माल असेल तर हा टॉवेल किती ग्रॅम भरला पाहिजे? ४५० यायला पाहिजेत, मग वाण्याकडं नेऊन वजन करा, आणि नाही भरला तर का नाही भरला ह्यावर बापानं बोलावं. टॉवेलवर ते धाग्याचे फुगे कसे येतात हे किती पोरांना माहितीय सांग? टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात, एक ताठ ओढलेला आणि एक सैल, सैल धाग्याचे लूप वर येतात. अख्खं गाव टॉवेल-चादरीवर जगलं आणि आपली पोरं हे कुठल्या तरी व्हिडिओत बघणार, कमाल आहे. त्यातूनच पुढं गिरण्या निघतील, गिरणी कामगार निघतील, १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल निघेल, चार हुतात्मा चौकातून इतक्या वेळा रिक्षानं गेलात ना, ते चार जण कोण आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी का झाली हे त्या पुतळ्यांसमोर उभं राहून सांग. धाकटीला नावं पाठ होतील, मधला वाचून चार ओळी लिहील, आठवीची पोरगी "मार्शल लॉ म्हणजे काय, तो का लावला" इथपर्यंत जाईल. केगावला सायन्स सेंटर आहे, तिथं एक दिवस डबा घेऊन जा. हिराचंद नेमचंद वाचनालयात नाव घाल, आठवड्याला पुस्तक बदलायला जायचंच असा नियम कर, म्हणजे पोरं घराबाहेर पडतील आणि तुला पण चार माणसं दिसतील.

सासूबाईंचं. तू लिहिलंयस त्या आयुष्यभर विड्या वळायच्या, आणि घरात तेलुगूच बोलतात. अगं मग हजारामागं किती मजुरी, किती पानं, किती कट्टे, खराब निघाल्या म्हणून किती कापले, हा हिशोब तोंडी करणारी बाई घरात बसलीय आणि तू मधल्याला तोंडी गणितासाठी अ‍ॅप शोधतेस! धाकटीला रोज एक तेलुगू गोष्ट आणि मधल्याला रोज पाच तोंडी हिशोब, हे त्यांचं खातं. टोमणे एकदम थांबतील असं मी म्हणत नाही, पण जे काम आपण करतो त्याला वाटोळं म्हणायला जीभ जरा अडखळते.

मधल्याबद्दल एक शंका आहे. तू म्हणतेस घरीपण तो वाचायला बसला की पोट धरतो. मग प्रश्न फक्त त्या सरांचा नसेल. दुसरीचं पुस्तक त्याच्यासमोर ठेव आणि शांतपणे बघ, अक्षरं उलटसुलट होतायत का, जोडाक्षर गाळतो का, तोंडी सगळं येतंय आणि कागदावर येत नाहीये असं आहे का. तसं असेल तर मुलांच्या डॉक्टरांना दाखव, ते पुढं तपासणीला पाठवतील. डिस्लेक्सिया वगैरे निघालं तर घाबरायचं काही नाही, बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जास्त वेळ आणि सवलती मिळतात, पण त्यासाठी सर्टिफिकेट लागतं आणि ते वेळेत काढावं लागतं. तोपर्यंत त्याला वाचून दाखवत जा, ऐकून शिकू दे. बालभारतीच्या पुस्तकावर क्यूआर कोड असतात बघ, ते आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी शाळेत वापरायला सुरुवात केली होती, त्यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेच. तो कोड मोबाईलवर स्कॅन केला की धडा, कविता ऐकता येते. तू धाकटीकडं बसलीस की त्यानं हे ऐकायचं.

कायद्याचं म्हणशील तर पोलीस वगैरे कुणी दारात येणार नाही. मुलाला शाळेत घालणं आई-बापाचं कर्तव्य आहे असं कायदा म्हणतो, पण नाही घातलं म्हणून आई-बापाला शिक्षा त्यात लिहिलेली नाहीये, आणि घरी शिकवण्याबद्दल तर काहीच लिहिलेलं नाही. खरा प्रश्न पुढच्या कागदांचा. मधला दहाचा झाला की महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा देऊ शकतो, पुढं तेराला आठवीची. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा आहे, चौदा पूर्ण लागतात, मराठीतून देता येते, आणि पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं, एकदम सगळे विषय द्यायची सक्ती नाही. नाहीतर शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. पण ह्या सगळ्याला शाळा सोडल्याचा दाखला विचारतात, आणि तू दाखला काढलास की नुसतं पाठवणं बंद केलंस हे पत्रात कुठंच नाही. नसशील काढला तर ह्याच आठवड्यात दोघांचे अर्ज टाक, पोच घे, दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव तिथंच उभं राहून तपास. मोठीचा दाखला तर तिच्या नव्या प्रवेशालाच लागेल, उशीर झाला तरी तेवढ्यावरून तिला कुणी अडवू शकत नाही, पण हातात असलेला बरा.

चिडचिडीचं मी वेगळं काही सांगत नाही. सकाळचे दोन तास, एक पोरगी कमी, रविवार बापाकडं, हिशोब आजीकडं, एवढं झालं की ती किती उरते ते मला डिसेंबरमध्ये लिही. आणि ताजा कलम मध्ये विचारलंयस टॅब घेऊ का, पंधरा हजारांचा म्हणतेस. अजिबात नको. बालभारतीची पुस्तकं साइटवरून फुकट उतरवता येतात, मिस्टरांचा जुना मोबाईल स्कॅनिंगला पुरतो. भिंतीला दोन काळे फळे लाव, समोरासमोरच्या भिंतींना, एकाच भिंतीला नको, पोरांची तोंडं वेगवेगळ्या दिशेला असली की निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

– मावशी