डब्लिनला ये, पण स्टॅम्प २ वर (विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या परवान्यावर) गाण्यांचे पैसे धरू नकोस

तू विचारलंयस की मास्टर्सला डब्लिनला येतेय, गिटारवर कंट्री-अमेरिकाना टाइपची, म्हणजे अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाची स्वतःची गाणी लिहितेस, तर इथे त्यात काही होईल का की सरळ अमेरिकाच गाठावी. मीही शिकायलाच आले आणि नोकरी लागली म्हणून राहिले, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी सीमॅट (CMAT) या आयरिश गायिकेचं करिअर नीट बघ. मूळ नाव कीरा मेरी-अ‍ॅलिस थॉम्पसन, डब्लिनला लागून असलेल्या डनबॉइनची. आधी बॅड सी नावाचा दोघांचा बँड केला, मग मँचेस्टरला गेली आणि तिथे काही जमेना, शेवटी डब्लिनला परत आली आणि 2020 ला एकटीने गाणी काढायला लागली. 2022 चा पहिला अल्बम आयर्लंडमध्ये एक नंबरला गेला, त्याला चॉइस प्राइझ (वर्षातल्या सर्वोत्तम आयरिश अल्बमचं बक्षीस) मिळालं, पुढचे दोन्ही मर्क्युरी या ब्रिटन-आयर्लंडच्या अल्बम पुरस्काराच्या यादीत आले, 2025 ला इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात मुख्य, पिरॅमिड स्टेजवर गायली. आणि हे सगळं कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या, अमेरिकेतल्या टेनेसीच्या नॅशव्हिलला घर न करता! सूर कंट्रीचा, पण गोष्टी इथल्याच, 2008 नंतरच्या मंदीत होरपळलेल्या आयर्लंडच्या. तिच्या यूरो-कंट्री अल्बमचं टायटल गाणं तर आयरिश भाषेत सुरू होतं. तेव्हा तूही टेनेसी कशाला लिहितेस, तुझं मिरज लिही ना, मला मनापासून वाटतं तेच इथे ऐकलं जाईल.

इथल्याच लिमरिक शहराच्या मिक हॅन्लीचंही बघ, त्याने लिहिलेलं गाणं अमेरिकन गायक हॅल केचमने गायलं आणि 1992 ला अमेरिकेच्या कंट्री चार्टवर दोन नंबरला गेलं. म्हणजे गाणं चांगलं असेल तर ते तिकडे पोचतं.

आता खरी अडचण व्हिसाची. स्टॅम्प २ वर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तास नोकरी करता येते, सुट्ट्यांच्या ठरलेल्या काळात 40, पण स्वतःचा धंदा चालत नाही, आणि पबमध्ये पैसे घेऊन गाणं त्यातच मोडू शकतं. मास्टर्सनंतर नोकरी शोधायला स्टॅम्प १जी या परवान्यावर दोन वर्षांपर्यंत मिळतात, पण स्वतःचा धंदा तिथेही चालत नाही. म्हणून कोर्स असा निवड की नोकरी लागेल, आणि पैशाचा गिग घ्यायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घे. भाडी तर भयंकर आहेत गं, इथल्याच कलाकारांचं भागत नाही, सरकारने 2022 ला 2000 कलाकारांना आठवड्याला 325 युरो द्यायची योजना काढली ती उगाच नाही.

आल्यावर मंगळवारी डॉयल्स पबमधल्या रूबी सेशन्स या गाण्यांच्या बैठकीला नुसतं ऐकायला जा. वरच्या मजल्यावर छोटी खोली, मेणबत्त्या, गाणं चालू असताना कोणी बोलत नाही, तिकिटाचे पैसे बेघरांच्या संस्थेला जातात. नवीन लिहिणारे तिथे कसे उभे राहतात ते बघ. आणि मे महिन्यात बँक हॉलिडेच्या वीकेंडला किलकेनीला रूट्स फेस्टिव्हल असतो, अमेरिकानावाले सगळे तिथे भेटतात, राहायचं बुकिंग मात्र खूप आधी कर.