भाऊ ऑनलाइन रमीत कर्जबाजारी झालाय, वडील जमीन गहाण टाकून सगळं फेडायला निघालेत. फेडू द्यावं का?

नाही. गहाणखतावर सही होऊ देऊ नका, वडिलांना आजच थांबवा.

मी तालुक्याच्या पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. अर्जात कारण ‘घरदुरुस्ती’ लिहिलेलं असतं, पण सोबतचा खातेउतारा पाहिला की कळतं. पगार जमा झाला त्याच रात्री पाचशे, पाचशे, हजार, दोन हजार गेलेले. मध्येच चार हजार परत आलेले. पहाटेपर्यंत ते चार आणि वर आणखी आठ साफ. घात करतात ते परत आलेले चार हजार. कधी मिळतील याचा नेम नाही, पण मिळतात, म्हणूनच माणूस सुटत नाही. पुढे तो जिंकायला खेळत नाही, ‘गेलेले काढायला’ खेळतो. अशा माणसाचं कर्ज कुणी एकरकमी फेडलं की त्याला नवं कर्ज मिळायला वाट मोकळी होते. तीच घरं दुसऱ्यांदा आमच्या दारात आलेली मी पाहिली आहेत. तेव्हा गहाण ठेवायला बायकोचं सोनंच उरलेलं असतं.

भावाला समोर बसवून सगळी देणी कागदावर घ्या: बँक, लोन अॅप, मित्र, सावकार. पहिला आकडा खरा धरू नका, लाजेपोटी बरंच लपवतात. उतारे मागा. मग बँकेत जाऊन हप्ते बांधून घ्या, आणि ते त्याच्याच पगारातून जाऊ द्या. क्रेडिट कार्ड बंद, यूपीआयची मर्यादा कमी, खात्यावर त्याच्या संमतीने घरातल्या कुणाची तरी नजर. लोन अॅपवाले धमकावत असतील तर स्क्रीनशॉट ठेवून पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार द्या.

महिन्याला हजाराची मर्यादा घालून खेळू द्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. गोकुळाष्टमीच्या रात्री पत्ते कुटून, ठरवलेले दोनशे संपले की उठणारा माणूस वेगळा. ज्याने घरापासून लपवून कर्ज काढलं त्याला पूर्णच थांबावं लागतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. म्हणून ‘आता अॅपच बंद, विषय संपला’ असं तो म्हणेल. पण परदेशी सट्ट्याच्या साइटवर खेळायची आयडी, म्हणजे लॉगिन, टेलिग्रामवर मिळते, तेव्हा निर्धास्त राहू नका. त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे डॉक्टरांपुढे सगळं खरं सांगायला त्याने घाबरू नये.

हो, डॉक्टरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे आणि त्यावर उपचार होतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर तेही तिथे सांगा. गॅम्ब्लर्स अॅनॉनिमस हा यातून गेलेल्यांचाच गट आहे. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, आता भारतातही सभा होतात.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच करा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं त्याला थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. कर्ज उघड झाल्यानंतरचे दिवस फार नाजूक असतात. तो हो म्हणाला तर एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो तयार नसला तरी तुम्ही स्वतः फोन करा, घरच्यांशीही ते बोलतात.