टीबीच्या गोळ्या आणि पुसट होणारी नजर

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची असून तिचे वजन ४८ किलो आहे, मधुमेह जुना आहे. फुफ्फुसाच्या टीबीसाठी सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्यांचा चौथा महिना चालू आहे. पंधरा दिवसांपासून तिला वर्तमानपत्रातली मधली अक्षरे पुसट दिसतात आणि परवा हिरव्या मिरच्यांतली लाल मिरची तिला ओळखता आली नाही. शेजारी म्हणतात, मोतीबिंदू असेल. गोळ्या बंद कराव्यात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मिरचीचे आपण लिहिलेत हे फार बरे केलेत, कारण नेमकी खूण तीच आहे. मोतीबिंदूने नजर सावकाश धूसर होते. पण दोन्ही डोळ्यांत, न दुखता, मधलाच भाग पुसट होऊ लागला आणि लाल-हिरव्यात गफलत होऊ लागली, तर पहिला संशय एथॅम्ब्युटॉल या औषधावर घ्यावा लागतो. ते डोळ्याच्या नसेला इजा करू शकते आणि हा त्रास बहुधा उपचाराच्या दुसऱ्या महिन्यानंतर जाणवतो. आईच्या वजनाला रोज तीन गोळ्या, म्हणजे ८२५ मिलिग्रॅम एथॅम्ब्युटॉल मिळते. किलोमागे सुमारे १७ मिलिग्रॅम ही मात्रा योग्यच आहे. परंतु हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे जुन्या मधुमेहाने मूत्रपिंड मंदावले असेल तर योग्य मात्राही शरीरात साचून जास्त ठरते. म्हणून क्रिएटिनिनची तपासणी लगेच करून घ्या.

सगळे उपचार मात्र स्वतःहून थांबवू नका; अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद न देणारा होऊन उलटू शकतो. चौथ्या महिन्यातल्या एकाच गोळीत आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि एथॅम्ब्युटॉल एकत्र असतात, त्यामुळे त्यातले एकच औषध घरी वगळता येत नाही. पुढची मात्रा घेण्याआधीच, शक्यतो आजच, क्षयरोग केंद्रातील डॉक्टरांना भेटा. एथॅम्ब्युटॉल थांबवून उरलेली औषधे सुटी द्यायची का, हे ते ठरवतील. क्वचित आयसोनियाझिडनेही असा त्रास होतो, तेही त्यांना विचारा.

त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. सुरुवातीला डोळ्याचा पडदा आणि नस तपासणीत अगदी निरोगी दिसू शकतात, म्हणून तेवढ्यावर समाधान न मानता रंग ओळखण्याची इशिहारा तपासणी आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी आग्रहाने मागा. औषध वेळेत थांबले तर बहुतेकांची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. उशीर झाल्यास मात्र काहींची नजर पूर्ण परत येत नाही. जाताना गोळ्यांचे पाकीट आणि उपचाराचे कार्ड सोबत ठेवा, आणि त्रास कोणत्या तारखेपासून जाणवू लागला ते लिहून न्या.