आईच्या कंबरेसाठी ‘ऑर्थो’ गादी: पैसे देण्याआधी काय तपासावं

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. आई 62 वर्षांच्या, कंबर दुखते, सकाळी उठताना जास्त. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये ‘ऑर्थोपेडिक मेमरी फोम’ची (म्हणजे अंगाच्या दाबाने त्याच आकारात रुतणाऱ्या फोमची) 6 इंची डबल गादी दाखवली. छापील किंमत 68 हजार, तुम्हाला 24 हजारांत, 10 वर्षांची वॉरंटी, वर ‘डॉक्टरांची शिफारस’. ऑफर रविवारी संपते, घेऊ का?

या रविवारी घेऊ नका. गादी वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला जे जे सांगितलं गेलं त्यात गादीच्या आत काय आहे याचा एक शब्दही नाही. इतवारीत फोम कापण्याच्या आणि गाद्या भरण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे आत काय असतं ते सांगू शकतो.

गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ छापायला कुठल्या हाडांच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागत नाही. ज्याला छापायचं तो छापतो. बाजारात त्याचा अर्थ एवढाच की गादी कडक आहे. आणि कंबरदुखीला कडक गादीच चांगली, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की दुकानदाराला वेगळं पटवावं लागत नाही; आपले वडीलधारेच ‘फळीवर झोप’ म्हणतात. यावर स्पेनमध्ये नीट प्रयोग झालाय. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी दिली, कोणाला कुठली मिळाली ते त्यांना कळू दिलं नाही, आणि 90 दिवसांनी विचारलं. मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. म्हणजे ‘ऑर्थो’ म्हणून जास्तीत जास्त कडक गादी आईंच्या माथी मारली जात असेल, तर त्यांच्या कंबरेला ती उलट त्रासाचीही ठरू शकते.

आता हा कडकपणा येतो कुठून, ते बघा. ‘ऑर्थो मेमरी फोम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाद्यांची चेन उघडली की खाली चारेक इंचांचा रिबाँडेडचा थर दिसतो. लाल, निळे, पिवळे, हिरवे फोमचे तुकडे गोंद घालून दाबलेले. कारखान्यात फोम कापताना जे उरतं त्याचाच तो बनतो. त्यावर एक इंच मेमरी फोम, आणि वर कव्हरमध्ये शिवलेला पातळ साधा फोम. 6 इंचांत मेमरी फोम एक इंच, पण नाव सगळं त्याचं. रिबाँडेड टाकाऊ असतो असं नाही, तळाला आधार म्हणून तो ठीक काम करतो. मात्र तो स्वस्त माल आहे, आणि त्याचे पैसे स्वस्त मालाचेच द्यायला हवेत.

इथेच ‘डेन्सिटी’चा घोळ होतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोत. साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोममध्ये 28 हलका, 32 बरा, 40 टिकाऊ, असा ढोबळ हिशोब आम्ही लावतो. रिबाँडेडची डेन्सिटी सहज 80 ते 100 असते, कारण तो दाबून केलेला असतो. मग सेल्समन म्हणतो, ‘बाकीच्यांकडे 40 आहे, आमच्याकडे 100 डेन्सिटी.’ हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवायचेच नसतात. डेन्सिटी म्हणजे कडकपणाही नव्हे. 40 चा फोम मऊही बनतो आणि कडकही. आकडा टिकाऊपणाबद्दल थोडंफार सांगतो, आणि तेही एकाच जातीच्या फोममध्ये.

साध्या फोमची गादी असेल तर दावा घरीच पडताळता येतो. 72 बाय 60 बाय 6 इंचांची गादी म्हणजे साधारण 0.425 घनमीटर. 40 डेन्सिटीचा फोम असेल तर नुसत्या फोमचं वजन 17 किलो भरायला हवं. 32 चा असेल तर साडेतेरा, 28 चा असेल तर 12 किलोच्या आत. कव्हरचे एक-दोन किलो वर धरा. ‘40’ म्हणून घेतलेली गादी कव्हरसकट 14 किलो भरली, तर तो 40 नाही, याला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही. उलट बाजूने मात्र फसू नका. जड आहे म्हणून चांगली, असं होत नाही, कारण रिबाँडेड जड असतो आणि काही ठिकाणी वजन वाढवायला फोममध्ये खडूची पूडही मिसळतात. म्हणून प्रत्येक थर वेगळा विचारायचा: कशाचा, किती इंच, किती डेन्सिटी. काउंटरवर ठेवलेला कापलेला नमुना पाहून समाधान मानू नका, तो तुमच्या गादीतलाच असेल याची खात्री नसते.

मेमरी फोमबद्दल आणखी एक, आणि हे नागपुरात फार महत्त्वाचं आहे. हा फोम उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत घट्ट होतो, त्याचा गुणधर्मच तो. शोरूममध्ये एसी 22-24 वर असतो. तिथे पाच मिनिटं आडवं होऊन जो आधार वाटला, तो मे महिन्यात कूलरच्या खोलीत राहत नाही, गादी जास्त खोल जाते. डिसेंबरच्या पहाटे पारा 10 च्या आसपास गेला की तीच गादी दगडी वाटते. शिवाय अंग त्यात रुतत असल्याने भोवती हवा खेळत नाही. त्यावर उपाय म्हणून ‘कूलिंग जेल’ विकतात. हात लावला की थंड वाटतं, ते खरं आहे, जेल सुरुवातीला अंगाची उष्णता ओढून घेतं. पण थोड्या वेळात ते स्वतःच अंगाइतकं गरम होतं आणि तिथे त्याचं काम संपतं. वीज न लावता कुठलीही कोरडी गादी खोलीपेक्षा रात्रभर थंड राहू शकत नाही. बाहेर 45 आणि खोलीत 34 असताना ‘रात्रभर 5 अंश थंड’ असा दावा कोणी करत असेल, तर तो कुठल्या खोलीत मोजला हे विचारा. ‘नासा तंत्रज्ञान’ही असंच. मेमरी फोमचा शोध 1966 च्या सुमारास नासाच्या कामातून, विमानाच्या आसनांसाठी लागला, हे बरोबर आहे. पण तुमच्या समोरचा फोम कुठल्या प्रतीचा, हे त्यावरून कळत नाही.

वॉरंटी. कार्ड पूर्ण वाचा, मागची बाजूही. बहुतेक कार्डांत खड्डा ठरावीक खोलीचा, सहसा इंचभर, पडला तरच दावा मान्य असतो, आणि तोही गादीवर कोणी नसताना मोजायचा. फोमची खरी तक्रार वेगळी असते: रिकामी गादी सपाट दिसते आणि माणूस झोपला की कंबर खाली जाते. हे ‘कम्फर्ट’मध्ये टाकून नाकारतात. एका ओळखीच्या काकूंचा दावा असाच गेला. तंत्रज्ञ आला, गादीवर दोरी ताणली, पट्टी लावली आणि ‘खड्डा नाही’ लिहून निघून गेला. चादरीखाली डाग निघाला तरी दावा बाद होऊ शकतो. काही कार्डांत वर्षागणिक भरपाई घटत जाते, म्हणजे आठव्या वर्षी नवी गादी मिळत नाही, थोडी सूट मिळते.

68 चे 24 हजार याचं सांगतो. छापील किंमतीच्या वर विकायला कायद्याने बंदी आहे, पण गादीवर ती किती छापायची हे कंपनी ठरवते. जी गादी 68 ला कोणालाच विकली जात नाही, तिच्यावरची सूट ही सूट नाही. 24 हजार ही तिची किंमत समजा आणि तेवढ्याला ती परवडते का, एवढंच बघा.

‘ऑरगॅनिक’, ‘केमिकल-फ्री’ या शिक्क्यांचीही चौकशी करा. अमेरिकेत 2013 साली तिथल्या व्यापार आयोगाने तीन गादी कंपन्यांवर असल्या निराधार दाव्यांसाठी कारवाई केली. त्यातल्या इकोबेबी ऑरगॅनिक्स या कंपनीने ज्या संस्थेचा शिक्का लावला होता, ती संस्था म्हणजे कंपनीच निघाली. सर्टिपूर-यूएस हे प्रमाणपत्र खरं आहे, पण ते फोममधली रसायनं आणि त्यातून बाहेर पडणारे वायू तपासतं. आईंच्या कंबरेशी त्याचा काही संबंध नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड आहे. जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. मराठी फलकावर ‘कंबरदुखीपासून मुक्ती’ आणि खाली बारीक इंग्रजीत अटी, हे चालत नाही. फलकाचा फोटो काढून ठेवा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तो कामी येतो.

आता आईंचं. पाय सुन्न होत असतील, मुंग्या येत असतील किंवा दुखणं पायात उतरत असेल, तर आधी डॉक्टर, गादीचं नंतर. तसं नसेल तर आधी सध्याची गादी उचलून दिवाणाची फळी बघा. प्लायवूड मधोमध वाकला असेल तर कुठलीही नवी गादी त्यावर वाकणारच. आत्ताची गादी कापसाची असेल तर गादीवाल्याकडून पिंजून, थोडी नवी रुई घालून घ्या. दबून गोळे झालेली गादी त्याने पुष्कळ सुधारते, खर्चही फार नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात कापसाइतकी हवा फोम खेळू देत नाही. एवढं करून दोन-तीन आठवडे बघा.

तरीही नवीच घ्यायची ठरली तर आईंना सोबत न्या आणि त्या घरी ज्या कुशीवर झोपतात त्याच कुशीवर पंधरा-वीस मिनिटं झोपू द्या. मध्यम कडक मागा. प्रत्येक थराची जाडी, जात आणि डेन्सिटी बिलावर लिहून, शिक्का मारून मागा. लिहून द्यायला तयार नसेल तर बाहेर पडा, सीताबर्डी ते सक्करदरा दुकानांना तोटा नाही. त्या शोरूमवाल्याने थरांची माहिती दिली तर गादीचं माप आणि वजन यासकट मला कळवा, हिशोब करून सांगतो.